किब्ल्याची दिशा शोधता शोधता पृथ्वी मोजणारा अल-बिरुनी

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये किब्ला दाखवणारं ॲप असतं. प्रवासात, हॉटेलच्या खोलीत, रेल्वेच्या डब्यात, फोन काढायचा, बाण बघायचा आणि मुसल्ला अंथरायचा. घरातली म्हातारी माणसं मात्र अजून म्हणतात, यात बघायचं काय, पश्चिमेला तोंड करा. आपल्याकडे ते ढोबळपणे बरोबरही आहे. पण हिशेब करून पाहिलं तर मुंबईहून मक्केची दिशा नेमकी पश्चिम नाही. ती पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे झुकलेली आहे.

हा १० अंशांचा हिशेब फोन कसा करतो? त्याला तीन गोष्टी लागतात. आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत, मक्का नेमकी कुठे आहे, आणि गोल पृथ्वीवर या दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची रेघ आपल्या उत्तर दिशेशी किती कोन करते. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे अक्षांश आणि रेखांश. तिसरी म्हणजे गोलावरचं गणित.

हजार वर्षांपूर्वी ना उपग्रह होते, ना खिशात ठेवायची घड्याळं. तेव्हा एका माणसाने याच तीन गोष्टींसाठी आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. शाळेच्या इतिहासात त्याचं नाव अल्बेरुनी असं येतं, आणि तेही महमूद गझनवीसोबत आलेला प्रवासी म्हणून एखाद्या ओळीत. त्याचं पूर्ण नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी.

शहराबाहेरचा मुलगा

अल-बिरुनींचा जन्म हिजरी ३६२ च्या जिलहिज्ज महिन्यात, म्हणजे सप्टेंबर ९७३ मध्ये, ख्वारिज्मच्या काथ शहराजवळ झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात येतो. फारसीत बिरून म्हणजे बाहेर. शहराच्या वेशीबाहेर जन्मलेला म्हणून बिरुनी, असं त्यांच्या नावाबद्दल मानलं जातं. आज त्या भागातल्या एका गावाला त्यांचंच नाव आहे.

घराण्याचा मोठेपणा नव्हता, पण उस्ताद चांगले मिळाले. अबू नस्र मन्सूर हे तिथल्या राजघराण्यातले शाहजादे होते आणि स्वतः मोठे गणिती होते. त्यांनी या पोराला हाताशी धरलं. गोलावरच्या त्रिकोणांचं गणित, ज्याच्याशिवाय किब्ला काढता येत नाही, ते अल-बिरुनी त्यांच्याकडेच शिकले.

वयाच्या १७ व्या वर्षी त्यांनी काथचा अक्षांश स्वतः मोजला. पद्धत अशी. दुपारी सूर्य सर्वांत उंच असतो तेव्हा तो क्षितिजापासून किती अंश वर आहे ते बघायचं. त्या तारखेला सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो ते माहीत असतं. दोन्हींचा हिशेब मांडला की आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत ते कळतं. त्यांच्याकडे होतं काय, तर अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणा केलेलं एक कडं.

पुढे त्यांनी १५ हात व्यासाचं मोठं कडं उभारलं. साधन जेवढं मोठं तेवढ्या खुणा बारीक करता येतात आणि चूक कमी होते. त्याच काळात १० हात व्यासाचा एक अर्धगोलही बनवायला घेतला, त्यावर शहरं मांडण्यासाठी. पण ९९५ च्या उन्हाळ्यातलं एक निरीक्षण जेमतेम हाती लागलं आणि ख्वारिज्ममध्ये यादवी पेटली. उस्तादांचं राजघराणं गेलं. २२ वर्षांच्या अल-बिरुनींना सगळं तिथेच टाकून पळावं लागलं. मोठं कडं गेलं, अर्धगोल गेला, कागद गेले.

दोन शहरं आणि एक ग्रहण

पुढची काही वर्षं हलाखीची होती. रय शहरात, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, ते फाटक्या अवस्थेत राहिले. तिथे एका ज्योतिष्याने त्यांच्या गरिबीकडे बघून त्यांच्या इल्मची थट्टा केली. नंतर त्यांचे दिवस पालटले तेव्हा तोच माणूस गोड बोलायला लागला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

पण या धावपळीतही एक मोठं काम झालं. अक्षांश एका जागी बसून काढता येतो. रेखांशाचं तसं नाही. आकाशात असा कुठलाही तारा नाही जो बघून आपण पूर्वेला किती आहोत हे सांगता येईल, कारण पृथ्वी फिरते आणि सगळं आकाश सगळ्यांच्या डोक्यावरून जातं. रेखांश म्हणजे खरं तर वेळेचा फरक. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे एका तासाला १५ अंश. दोन शहरांच्या स्थानिक वेळेतला फरक कळला की त्यांच्यातले अंश कळले. पण काथमध्ये आत्ता किती वाजले आणि त्याच क्षणी बगदादमध्ये किती वाजले, हे कळणार कसं?

उत्तर होतं चंद्रग्रहण. चंद्रावर पृथ्वीची सावली पडते तो क्षण सगळीकडे एकच असतो. २४ मे ९९७ च्या चंद्रग्रहणासाठी अल-बिरुनींनी बगदादचे नामवंत गणिती अबुल वफा बुझजानी यांच्याशी आधीच ठरवून ठेवलं. एकाने काथमध्ये बघायचं, दुसऱ्याने बगदादमध्ये, आणि दोघांनी आपापली स्थानिक वेळ टिपायची. फरक निघाला सुमारे एक तासाचा. आजच्या नकाशावर तो तासाहून चार-पाच मिनिटांनी जास्त आहे. दोन माणसं, मध्ये शेकडो मैलांचं वाळवंट, आणि भरवसा फक्त इतकाच की समोरचा आपलं काम इमानदारीने करील.

बंदी की पाहुणा?

यानंतर ते कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जानला काबूसच्या दरबारी राहिले. तिथे सन १००० च्या सुमारास वेगवेगळ्या कौमांच्या कालगणनांवर मोठा ग्रंथ लिहिला. याच काळात वयाने लहान असलेल्या इब्न सिनांबरोबर त्यांचा पत्रांतून कडक वादही झाला. जुर्जानच्या उत्तरेला दिहिस्तानचं सपाट मैदान होतं. तिथे पृथ्वीचा एक अंश प्रत्यक्ष जमिनीवर मोजावा असा त्यांचा बेत होता. त्याआधी नवव्या शतकात खलिफा मामूनच्या माणसांनी सिंजारच्या वाळवंटात हेच केलं होतं. उत्तरेकडे मोजत जायचं, ध्रुवतारा एक अंश वर येईपर्यंत. त्यांचं उत्तर होतं एका अंशाला ५६ आणि दोन तृतीयांश मैल. अल-बिरुनींना हे पुन्हा तपासायचं होतं. पण त्यासाठी माणसं लागतात, पैसा लागतो. दोन्ही मिळालं नाही. बेत राहिला.

मग ते ख्वारिज्मला परतले, तिथल्या शाहच्या दरबारात मान मिळाला, पण १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं. त्यांत अल-बिरुनी होते आणि त्यांचे उस्ताद अबू नस्रही होते. त्यांना बंदी म्हणावं की दरबारी, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. आपल्या मर्जीने ते गेले नव्हते एवढं नक्की.

१४ ऑक्टोबर १०१८ ला ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. मन उदास, भविष्य अंधारात. त्या दिवसांबद्दल लिहिताना त्यांनी आपल्या हालांची तुलना हजरत नूह आणि हजरत लूत यांच्यावर आलेल्या संकटांशी केली आहे आणि अल्लाहच्या रहमतीची आशाही त्यांच्याच उदाहरणावरून धरली आहे. जवळ एकही साधन नव्हतं. होती फक्त हिशेब करायची फळी. त्यांनी त्या फळीच्या पाठीवर वर्तुळाचा भाग आखला, अंशांच्या खुणा केल्या, ओळंबा लटकवला आणि त्या खेड्याचा अक्षांश काढला. ज्याचं वतन सुटलं, त्याने निदान आपण कुठे उभे आहोत हे तरी नक्की करून घेतलं.

गझनीचा किब्ला

याच काळात त्यांनी ज्या ग्रंथाला हात घातला तो १०२५ मध्ये पूर्ण झाला. शहरांमधली अंतरं दुरुस्त करण्यासाठी त्यांची ठिकाणं निश्चित करणं, असा त्याच्या लांबलचक अरबी नावाचा अर्थ. थोडक्यात त्याला तहदीद म्हणतात. त्याची एक जुनी हस्तलिखित प्रत आजही इस्तंबूलमध्ये आहे.

ग्रंथातला सवाल साधा होता. गझनीत नमाज पढणाऱ्याने तोंड नेमकं कुठे करायचं? त्यासाठी गझनी आणि मक्का या दोन्ही जागा पक्क्या कळायला हव्यात. जुन्या तक्त्यांत शहरांचे रेखांश होते, पण त्यांत घोळ होता. काही लोक शून्य रेखांश पश्चिम समुद्रातल्या बेटांपासून धरायचे, काही आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून. दोन्हींत १० अंशांचा फरक. बगदादचा रेखांश एका तक्त्यात ७० तर दुसऱ्यात ८०. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकात दुसरा मिसळला की सगळं बिघडलं. अल-बिरुनींनी ही गोष्ट नीट ओळखली. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, तो कुठून मोजला ते आधी विचारा.

म्हणून त्यांनी जुन्या आकड्यांवर विसंबायचं नाही असं ठरवलं. बगदादपासून गझनीपर्यंत शहरांच्या साखळ्या घेतल्या. प्रत्येक शहराचा अक्षांश पक्का केला. दोन शहरांमधलं अंतर काफिल्यांच्या हिशेबाने घेतलं, पण वाट वाकडीतिकडी असते म्हणून त्यातून मुलखाप्रमाणे काही भाग वजा केला. दोन अक्षांश आणि मधलं सरळ अंतर कळलं की गणिताने रेखांशातला फरक निघतो. मग एकाच शहरापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी हिशेब करून उत्तरं जुळतात का ते पाहिलं.

उत्तर किती अचूक आलं? बगदाद आणि गझनीमधला त्यांचा रेखांशफरक आजच्या मोजमापापासून अर्ध्या अंशाच्याही आत आहे. गझनीचा त्यांचा अक्षांश ३३ अंश ३५ कला होता. एका अंशाच्या ६० कला होतात, आणि आजच्या आकड्याशी त्याचा फरक जेमतेम दोन-तीन कलांचा आहे. आजच्या हिशेबाने गझनीहून किब्ला नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे येतो. म्हणजे मुंबईकर पश्चिमेहून थोडं उत्तरेकडे वळतो आणि गझनीकर दक्षिणेकडे. डोळे झाकून पश्चिम म्हणणं दोन्हीकडे चुकतं.

नंदनाच्या डोंगरावर

दिहिस्तानचा राहिलेला बेत त्यांच्या मनात होताच. तो पूर्ण झाला आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये, मिठाच्या डोंगररांगेतल्या नंदना किल्ल्यावर. तिथे एक उंच डोंगर आणि त्याच्या दक्षिणेला दूरवर सपाट मैदान. अल-बिरुनींना एक युक्ती सुचली, जिच्यासाठी वाळवंटात मैलोन्मैल दोर ओढत चालायची गरज नव्हती.

आधी डोंगराची उंची काढली. सपाटीवर दोन जागी उभं राहून शिखराकडे बघायचं, दोन कोन आणि मधलं अंतर मोजायचं, उंची निघते. ती आली सुमारे ६५२ हात. मग डोंगरावर चढले. उंचावरून क्षितिज डोळ्याच्या समपातळीत दिसत नाही, किंचित खाली दिसतं, कारण पृथ्वी वळलेली आहे. तो खालचा कोन त्यांनी मोजला. आला ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. डोंगराची उंची आणि हा कोन, एवढ्या दोन गोष्टींवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. ती भरली सुमारे १ कोटी २८ लाख हात. यावरून एका अंशाला जवळजवळ ५६ मैल येतात, मामूनच्या माणसांच्या उत्तराशी जुळणारे.

सोशल मीडियावर आपण वाचतो की अल-बिरुनींनी पृथ्वीची त्रिज्या ९९ टक्क्यांहून अचूक काढली. एका प्रचलित अंदाजाने ती ६३४० किलोमीटरच्या आसपास येते, आणि आजची सरासरी आहे ६३७१. ऐकून छाती फुगते. पण त्यांच्यासारखंच प्रामाणिक राहायचं तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्यांचा हात नेमका किती लांबीचा होता यावर एकमत नाही, आणि हात बदलला की किलोमीटर बदलतात. दुसरं, ३४ कलांचा कोन इतका बारीक आहे की त्यात एका कलेची चूक झाली तरी उत्तर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त सरकतं. शिवाय हवेतून येताना प्रकाश थोडा वाकतो आणि क्षितिज आहे त्याहून वर दिसतं.

अल-बिरुनींनी स्वतः काय केलं बघा. उत्तर मामूनच्या माणसांच्या जवळ आलं याचं समाधान मानलं, आणि पुढच्या ग्रंथात आपला नाही, त्यांचाच आकडा वापरला. त्यांची साधनं माझ्याहून बारीक आणि मेहनत जास्त, हे कारण दिलं. आपलंच खरं करण्याची हौस त्यांना नव्हती. त्यांची थोरवी आकड्यापेक्षा या युक्तीत आणि या वागण्यात जास्त आहे.

ठाण्याची नोंद

पंजाबात राहताना त्यांनी संस्कृत शिकून घेतली, पंडितांसमोर शिष्यासारखे बसले, पतंजलीच्या योगावरचा ग्रंथ अरबीत आणला. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांनी पृथ्वी कशी मोजली तेही तपासलं. इथले ज्योतिषी रेखांश उज्जैनच्या रेषेपासून मोजतात हे त्यांनी नोंदवलं. या सगळ्यातून १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. त्यात धारहून दक्षिणेला निघालं की महाराष्ट्र देश लागतो आणि तिथून पुढे कोकण, त्याची राजधानी समुद्रकिनारी ठाणे, अशी फरसखांच्या अंतरांसह नोंद आहे. ते स्वतः इतक्या दक्षिणेला आले नव्हते. पण हजार वर्षांपूर्वीच्या अरबी ग्रंथात आपलं ठाणं सापडतं हे आपल्या मुलांना ठाऊक असावं.

याच ग्रंथात त्यांनी हेही लिहिलं की महमूदच्या स्वाऱ्यांनी या मुलखाची भरभराट उद्ध्वस्त झाली, आणि त्यामुळे इथल्या लोकांच्या मनात खोल तिरस्कार बसला. ज्या घराण्याचं मीठ खात होते त्याच्याबद्दल हे लिहिणं सोपं नव्हतं.

अडाणी कट्टरपणाही त्यांना सोसवत नसे. गझनीत नमाजाच्या वेळा काढायचं एक साधन होतं, त्यावर रोमन महिने कोरलेले होते. मशिदीच्या एका माणसाने एवढ्याच कारणाने ते नाकारलं. अल-बिरुनींनी त्याला सुनावलं की रोमन लोक जेवतात आणि बाजारातही चालतात, तर मग त्याही गोष्टी सोडून द्याव्यात.

शेवटपर्यंत विद्यार्थी

महमूदनंतर आलेल्या सुलतान मसूदच्या नावाने त्यांनी कानून-ए-मसूदी हा खगोलशास्त्राचा महाग्रंथ लिहिला. त्यात सुमारे ६०० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत. सांगतात की सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि अल-बिरुनींनी ती परत केली. सगळं मिळून त्यांनी शंभराहून जास्त ग्रंथ आणि पुस्तिका लिहिल्या. त्यांतले थोडेच आज उरलेत. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलेलं आहे.

आज उपग्रह आपली जागा काही मीटरपर्यंत सांगतात. पण अल-बिरुनींचा प्रश्न तोच आहे, आकडा कुठून मोजला? पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, म्हणून आधी तिचा एक गणिती आकार आणि एक मध्यबिंदू ठरवावा लागतो. जीपीएस १९८४ सालच्या जागतिक मापदंडावर चालतं. भारताचे जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० सालच्या आकारावर होते, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या मापदंडावर आले. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच फोनमध्ये टाकले तर खूण भलतीकडेच पडते. बगदादचे ७० आणि ८०, तोच घोळ वेगळ्या रूपात.

अल-बिरुनींचं निधन १०४८ च्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच काळाने गझनीत झालं. त्यांच्या अखेरच्या घटकेची एक गोष्ट जुन्या चरित्रकारांनी दिली आहे. एक ओळखीचे फकीह त्यांना भेटायला आले. श्वास घरघरत होता. तशा अवस्थेत अल-बिरुनींनी त्यांना विचारलं की आईकडच्या आजीच्या वारशाच्या हिश्श्याबद्दल तुम्ही मागे काय सांगितलं होतं. फकीह हेलावले. म्हणाले, ही का वेळ आहे? त्यावर उत्तर आलं की हा मसला न समजता दुनिया सोडण्यापेक्षा समजून सोडणं बरं. फकीहांनी तो पुन्हा समजावला, अल-बिरुनींनी तो लक्षात घेऊन म्हणून दाखवला. ते निरोप घेऊन बाहेर पडले आणि रस्त्यावर पोहोचतात तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

अल्लाह त्यांना मगफिरत देवो. पुढच्या वेळी फोनमधला बाण किब्ल्याकडे वळेल तेव्हा मुलांना जवळ बोलवा, आणि फळीच्या पाठीवर अंश आखणाऱ्या या माणसाबद्दल त्यांना सांगा.